नोंदवलेला प्रवासी

नियम क्रमांक नऊ असा होता: बोगद्यातून येणाऱ्या गाडीत चालकाखेरीज निदान एक नोंदवलेला प्रवासी असेल, तरच बोगद्याचा टोल क्रेडिट म्हणून जमा होईल आणि शहरात शिरण्याच्या कंजेशन चार्जमधून वळता केला जाईल. प्रवाशाची नोंदणी एकदा केली की मार्चअखेरपर्यंत चालेल. हा नियम मी वर्षभर पाळला आणि एकदाही वाचला नाही. ज्यांनी वाचला होता ते माझ्या डाव्या हाताला, पट्टा लावून बसायचे.

योजना सरकारी नव्हती. लंडनच्या ज्या भागात मी काम करते तिथे दहा-बारा मोठ्या इमारती एकाच मॅनेजमेंटखाली आहेत. जवळचा पूल दुरुस्तीला काढला होता, एकच लेन चालू होती. लोकांनी पुलाकडे येऊ नये, बोगद्यातून यावं आणि एका गाडीतून दोघातिघांनी यावं, म्हणून मॅनेजमेंटने पदरच्या पैशाने ही टूम काढली होती. कार पार्कच्या फाटकाशी चालकाने आपला कोड टाकायचा, मग प्रवाशाने आपला. दोन्ही कोड पडले की हिरवी टिकमार्क यायची.

मी दातांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा, खालचा-वरचा चावा तपासायचा. हे काम घरून होत नाही. माणूस सुट्टीवर गेला की लोकांचे दात अडून बसतात, एवढीच काय ती माझी प्रतिष्ठा.

नवरा गेला तो जानेवारीत, आमच्या इथल्या स्टेशनच्या जिन्यावर. सकाळी कामाला निघाला होता, वरून सातव्या की आठव्या पायरीवर कोसळला. मला फोन आला तेव्हा मी डबा भरत होते, आणि मी डबा पूर्ण भरला, झाकण लावलं, मग निघाले. हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. म्हणून सांगत नाही.

त्यानंतर मला स्टेशनात पाय ठेवता येईना. भीती वाटायची असं नाही. काहीच वाटायचं नाही, फक्त पाय आत जायचे नाहीत. पुलाचा रस्ताही स्टेशनवरूनच जायचा. म्हणून बोगदा, म्हणून टोल आणि म्हणून शहराचा चार्ज. एडिनबराला हॉस्पिटलात काम करणारी मुलगी रविवारी फोन करायची. "आई, माझी ड्यूटी आत्ता संपली. तू थोडे दिवस सुट्टी का घेत नाहीस?" मी म्हणायचे, बघू. बघायचं काही नव्हतं. घरी बसले असते तर पुन्हा उठले नसते, एवढं एकच मला त्या दिवसांत पक्कं ठाऊक होतं. सकाळी उठून गाडीत बसायचं, यावर माझं सगळं टांगलेलं होतं आणि तेही फार घट्ट नव्हतं.

लोकांना वाटायचं मी दुःखात आहे. दुःख असतं तर बरं होतं. डेंटिस्टने भूल दिली की ओठ जसा आपला राहत नाही, चहा ओघळला तरी कळत नाही, तशी मी सगळीच झाले होते. गाडी चालवायचे आणि पोचल्यावर कुठून आले ते आठवायचं नाही.

मार्चमध्ये एकदा सकाळी बोगद्याच्या अलीकडच्या मोठ्या सिग्नलला मी उभी होते. समोरच्या आडव्या रस्त्याने गोदामांकडे जाणाऱ्या लॉऱ्या एकामागून एक जात होत्या. मग मागे हॉर्न सुरू झाले. मग कुणीतरी काचेवर टकटक केलं. लोकरी टोपी घातलेला, साठी ओलांडलेला एक गृहस्थ. बसच्या खिडकीतून त्यांनी मला पाहिलं होतं आणि स्टॉपवर उतरून चालत मागे आले होते. डॅशबोर्डवर नवऱ्याने कधीकाळी चिकटवलेला छोटा गणपती होता. तो बघून ते चक्क मराठीत बोलले, "काय झालं बाई? गाडी बंद पडली का? हिरवा झालाय."

मी काच खाली केली आणि काहीतरी बोलले. काय ते मला नंतर आठवत नव्हतं. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि म्हणाले की दार उघडा, मी बसतो. पेपरमिंटची गोळी दिली. सिग्नल पुन्हा हिरवा झाल्यावर "चला" म्हणाले, आणि मी निघाले.

ते मुंबईचे निघाले, मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल. आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. चाळीस वर्षांपूर्वी लंडनला आलेले. घरी मुलं-नातवंडं इंग्रजीत बोलायची, त्यामुळे त्यांचं मराठी वापराविना जपून ठेवलेल्या भांड्यांसारखं लख्ख होतं. आमच्याच इमारतींपैकी एकीत, वकिलांच्या एका ऑफिसात जुन्या फायलींची खोली सांभाळायचे. घर माझ्यापासून तीन रस्ते सोडून. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

दोन दिवसांनी ते लॅबच्या रिसेप्शनला येऊन उभे राहिले. हातात योजनेचा फॉर्म होता, माझी बाजू रिकामी, त्यांची भरलेली. म्हणाले, माझं एक काम करा. गुडघे दुखतात, बसमध्ये उभं राहवत नाही, मला रोज गाडीतून न्याल का? मी नाही म्हणू शकले नाही. कारणं काढायलाही जोर लागतो.

पैशाचा विषय येणार होता, तो फॉर्ममुळे आला नाही. आपल्यात हा मोठा घोळ असतो. गाडीत बसवून घेतलेल्या माणसाकडून पेट्रोलचे पैसे घ्यायचे म्हणजे लाज, आणि फुकट बसायचं म्हणजे समोरच्याला लाज. मग कुणीतरी मिठाईचे डबे आणत राहतं आणि कुणालाच साखर चालत नसते. इथे ते सगळं वाचलं. ते बसले की माझा टोल वळता व्हायचा. मी त्यांच्यावर उपकार करत होते आणि ते माझ्यावर, त्यामुळे कुणीच कुणावर करत नव्हतं. निदान माझी अशी समजूत होती.

एप्रिलपासून रोज सकाळी पावणेसातला मी त्यांच्या फाटकाशी गाडी लावायचे. दाराच्या चौकटीवर त्यांच्याकडे एक लहानशी नळी तिरपी ठोकलेली असते, आत प्रार्थना लिहिलेली. तिला बोटं लावायची, ती ओठांना लावायची, मग पायऱ्या उतरून यायचं, असा क्रम. गाडीत बसताना गुडघा धरून "आई गं" म्हणायचे. मग पट्टा लावायचा आणि मग ठरलेला प्रश्न, "काल रात्री काय जेवलात?"

पहिल्या दिवशी मी टोस्ट म्हणाले. दुसऱ्या दिवशी टोस्ट. तिसऱ्या दिवशी मला सांगायची लाज वाटली, म्हणून खोटंच पिठलं-भात म्हणाले. त्यावर त्यांनी पिठल्यात लसूण घातला की नाही, गाठी झाल्या का, बेसन इथलं की स्लाऊच्या देशी दुकानातून आणलेलं, अशी उलटतपासणी घेतली. वकिलांच्या ऑफिसात राहून माणूस बिघडतो. त्या संध्याकाळी मी खरोखर पिठलं केलं, दुसऱ्या दिवशी उत्तरं द्यायला सोपं जावं म्हणून. असं करत करत मी जेवायला लागले. चव लागत नव्हती, पण उत्तर तयार असायचं.

ते सिग्नल वाचायचे. "लाल आहे बरं का," असं दुरूनच सांगायचे. "आता पिवळा. आता चला." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय. माझे सासरेही असेच होते, ब्रेक आपल्याच पायाखाली आहे अशा थाटात बसायचे. मला राग आला असता, पण तेवढंही येत नव्हतं. बोगद्यात आम्ही बोलायचो नाही. बाहेर पडलो की ते नदीपलीकडचं आभाळ बघून हवा सांगायचे. कार पार्कच्या फाटकाशी मी माझा कोड टाकायचे, ते वाकून आपला. हिरवी टिकमार्क आली की "झाला आपला व्यवहार" म्हणून उतरायचे आणि लंगडत कोपऱ्यावरून वळायचे.

संध्याकाळी चारला परत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायचा; सूर्य मावळायच्या आत त्यांना घरी पोचायचं असायचं. हिवाळ्यात तो मेला चारच्या आतच बुडायचा, म्हणून मी शुक्रवारी अर्धा दिवस मागून घेतला. सुपरवायझरने कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या प्रवाशाला अंधार व्हायच्या आत सोडायचं आहे. हे वाक्य बोलताना मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, बऱ्याच दिवसांनी.

वर्षभर मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. मुलं किती, काय करतात, खोलीत किती फायली, काही नाही. ते सांगायचे तेवढं मी ऐकायचे, तेही अर्धं. आपल्याकडे मोठ्या माणसाला कामाबद्दल खोदून विचारत नाहीत, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण खरं ते नव्हतं. दुसऱ्याबद्दल काही जाणून घ्यायला आतून एक हालचाल व्हावी लागते, ती माझ्यात होत नव्हती.

नाहीतर बरंच दिसण्यासारखं होतं. ऑक्टोबरपासून त्यांच्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड दिसेनासं झालं. बॅग फुगायला लागली: थर्मास, एक जादा स्वेटर, बसायची घडीची उशी. संध्याकाळी गाडीत बसले की हात बर्फासारखे गार असायचे, हीटरच्या जाळीपुढे धरायचे. दिवसभर खोलीत बसणाऱ्या माणसाचे हात असे कसे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझेही हात गारच असायचे.

मार्चमध्ये योजनेचा ईमेल आला. पुढच्या वर्षासाठी नोंदणी रिन्यू करा. मी बटण दाबलं. उत्तर आलं की प्रवासी बदलावा लागेल, कारण सध्याच्या प्रवाशाची नोकरी सप्टेंबरमध्ये संपलेली आहे.

मी ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात ठेवला. समोर एका बाईची वरची कवळी होती, पुढचे सहा दात बसवायचे होते. ते बसवले. मग जेवणाच्या सुट्टीत एप्रन न काढताच त्या वकिलांच्या इमारतीत गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की फायलींची खोली शरद ऋतूतच बंद झाली, सगळं स्कॅन करून झालं. त्या काकांना छान निरोप दिला होता, केक आणला होता.

परत येताना मागच्या गल्लीतून आले. तिथे एका जुन्या चर्चची लहानशी बाग आहे, ऑफिसवाले सँडविच खायला येतात. त्या दिवशी वारा होता म्हणून कुणी नव्हतं. एका बाकावर ते बसले होते. खाली उशी, अंगावर दोन स्वेटर आणि कोट, मांडीवर उघडं पुस्तक. डुलकी लागली होती. एक पाय लांब केला होता आणि दोन्ही हात गुडघ्यावर होते.

मी हाक मारली नाही. फाटकाशी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. लॅबमध्ये परत आले तर सकाळच्या कवळीत मी डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला होता. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मेण तापवून सगळे दात काढले आणि पहिल्यापासून बसवले.

चारला ते नेहमीसारखे कोपऱ्यावरून आले. बसले, पट्टा लावला, हात हीटरपुढे धरले. मी गाडी बोगद्याकडे घेतली. आत शिरल्यावर, जिथे आम्ही कधी बोलत नसू तिथे, मी विचारलं.

"काका, सप्टेंबरपासून तुम्ही कुठे जाता?"

त्यांनी हात हीटरपुढून काढून घेतले. मग त्यांनी नियम नऊ सांगितला. प्रवासी नोंदवलेला हवा, नोकरीत हवा असं तिथे म्हटलेलं नाही, आणि नोंदणी मार्चअखेरपर्यंत चालते. त्यांनी मॅनेजमेंटला फोन करूनही खात्री करून घेतली होती. पाऊस असला की लायब्ररी, एरवी बाग. कुणाचं काही बुडवलेलं नाही, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, मी ते विचारत नाहीये. माझ्या टोलसाठी तुम्ही सहा महिने थंडीत बाकावर बसलात का?

"टोलचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "त्या दिवशी सिग्नलला काच खाली करून मला काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"मी म्हटलं, बाई, हिरवा झालाय. तुम्ही म्हणालात, दिसतंय मला. मी लाल व्हायची वाट बघतेय."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी सरळ ठेवली. समोरून लॉऱ्यांचे दिवे येत होते. मी ते शब्द आठवून बघितले आणि ते माझेच होते. त्या लॉऱ्या, त्यांचा वेग, मधलं अंतर, हे सगळं मी त्या सकाळी मोजलं होतं. मग विसरून कामाला गेले होते आणि कवळ्या बनवल्या होत्या.

"असं म्हणालेल्या बाईला गाडीत एकटीला कसं सोडायचं?" ते म्हणाले. "तुम्ही डॉक्टरकडे गेला नसता, मी सांगून तर नाहीच. पण शेजारी कुणी बसलेलं असलं की माणूस लालमध्ये गाडी घालत नाही. दुसऱ्याचा जीव असतो ना. फॉर्म मिळाला, बरं झालं. नाहीतर रोज कुठल्या तोंडाने येऊन बसलो असतो?"

बाहेर आलो तेव्हा मी गाडी डावीकडे घेऊन एका बंद दुकानापुढे थांबवली. मला रडू आलं. सुंदर वगैरे नव्हतं ते, नाक गळत होतं. भूल उतरताना आधी ओठ ठणकतो आणि मग कळतं की आपण गाल चावून ठेवला होता. त्यांनी पेपरमिंट पुढे केलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. नंतर एवढंच म्हणाले की रविवारी घरी जेवायला या, मलिदा आहे, नवस फेडायचाय.

त्यांच्यात नवस फेडायला मलिदा करतात. रविवारी मी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या. थर्मास रोज मीच भरत होते." मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदामाचे काप, भोवती पाच प्रकारची फळं. हिब्रूत प्रार्थना झाली. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी उभी होते आणि माझे पाय माझे होते.

पोहे हातावर घेतल्यावर मी विचारलं की नवस काय होता.

"तुम्ही आपणहून मला काहीतरी विचारावं," ते म्हणाले. "काहीही. किती वाजले विचारलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही घड्याळ घालता, तिथेच गाडी अडली."

बायको हसली. मीही हसले असेन. पोहे गोड होते, वेलची जरा जास्त झाली होती, आणि मला ते कळलं. मी पुन्हा मागून घेतले.

मग ते उठायला गेले आणि टेबलाला धरून तसेच थांबले. मला वाटलं, आता तरी हे नाटक नको. मी म्हटलं, "काका, खरं सांगा, गुडघा दुखतो का तुमचा?"

ते बायकोकडे बघायला लागले. उत्तर तिनेच दिलं.

"तुमच्याकडे फॉर्म घेऊन आले तेव्हा ठणठणीत होता," ती म्हणाली. "या हिवाळ्यात धरला."

मी माझी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली, त्यांचा पाय उचलून तिच्यावर टेकवला, आणि तेल कुठे ठेवता असं तिला विचारलं.